सर्व्हरवरचं नियमबाह्य सॉफ्टवेअर : एक्सेप्शनचा अर्ज परत का येतो

मंजूर यादीत नसलेलं सॉफ्टवेअर सर्व्हरवर सापडलं की इन्फोसेककडून, म्हणजे माहिती-सुरक्षा विभागाकडून, नोटीस येते. ते काढून टाका, मंजूर आवृत्तीवर आणा, नाहीतर ठरावीक मुदतीसाठी एक्सेप्शन, म्हणजे नियमातून सूट, मागा, एवढेच मार्ग असतात. बीकेसीपासून पवईपर्यंतच्या बँका, ब्रोकर आणि त्यांची कामं घेणाऱ्या कंपन्यांत हे थोड्याफार फरकाने सारखंच चालतं. सॉफ्टवेअर धोक्याचं म्हणून नाकारलेले अर्ज कमी. कागद अपुरे म्हणून परत आलेले कितीतरी जास्त.

नियम कोणाला लागू? स्कॅनरचा एजंट, म्हणजे तपासणी करणारा छोटा प्रोग्रॅम, बसवलेल्या प्रत्येक सर्व्हरला. 'हा तर यूएटीचा (चाचणीचा) आहे' हे उत्तर चालत नाही. मुंबईतला प्रॉडक्शन (रोजच्या कामाचा) सर्व्हर साफ केला आणि दुसऱ्या शहरातला डीआर, म्हणजे आपत्तीसाठी राखलेला सर्व्हर, तसाच राहिला, तर तिकीट, म्हणजे त्या नोटिशीची नोंद, पुन्हा उघडतं. रिझर्व्ह बँकेचे आयटी गव्हर्नन्सचे निर्देश १ एप्रिल २०२४ पासून लागू झाले; तेव्हापासून ऑडिटरही या गोष्टी बारकाईने बघतात.

फॉर्म भरणं सोपं आहे : होस्टनेम, सॉफ्टवेअरची नेमकी आवृत्ती, कारण, मुदत. अडतं ते मालकाच्या मंजुरीपाशी. मालक म्हणजे सर्व्हर सांभाळणारा अ‍ॅडमिन नव्हे, तर ज्या विभागाचं अ‍ॅप्लिकेशन त्यावर चालतं तिथला जबाबदार अधिकारी. नोंदवहीत, म्हणजे सीएमडीबीत, त्या जागी कधीच नोकरी सोडून गेलेल्या माणसाचं नाव असतं. जाताना त्याच्याकडून लॅपटॉप आणि ओळखपत्र न चुकता परत घेतात. त्याच्या नावावरच्या सर्व्हरचं काय, हे कोणी विचारत नाही, आणि भुर्दंड अर्जदाराला पडतो. म्हणून नोटीस हातात पडली की त्याच दिवशी आधी मालकाचं नाव बदलायची विनंती टाका. मॅनेजरच्या 'ओके' एवढ्या मेलवर विसंबू नका. ती मंजुरी धरत नाहीत.

दुसरा कागद लायसन्सचा. डाउनलोड फुकट झालं म्हणजे ऑफिसात वापरायला मोकळीक मिळाली असं नाही. ओरॅकलच्या जावा ८ चे एप्रिल २०१९ पासूनचे अपडेट व्यावसायिक वापरासाठी सबस्क्रिप्शनशिवाय चालत नाहीत, आणि जानेवारी २०२३ पासून नवं सबस्क्रिप्शन कंपनीच्या एकूण कर्मचारीसंख्येवर आकारलं जातं. एका कोपऱ्यातल्या सर्व्हरवरचा जावा सगळ्या कंपनीला महागात पडू शकतो. इन्व्हॉइस किंवा पीओ (खरेदी आदेश) असेल तर जोडा. नसेल तर ओपनजेडीकेची, म्हणजे जावाच्या मुक्त-स्रोत रूपाची, मंजूर आवृत्ती टाकून यूएटीत चाचणी घ्या. बऱ्याचदा अर्जाची गरजच उरत नाही.

सगळ्यात जास्त डोकेदुखी आवृत्तीच्या आकड्याची. जुलै २०२४ मध्ये सर्व्हरवर दुरून लॉगिन करायच्या ओपनएसएसएचमधला एक गंभीर दोष जाहीर झाला. मूळ प्रकल्पाने दुरुस्ती ९.८ मध्ये दिली. रेड हॅट ९ या लिनक्समध्ये तीच दुरुस्ती जुन्या ८.७ च्या पॅकेजात घातली गेली, त्यामुळे आकडा ८.७ च दिसत राहिला. नुसता आकडा वाचणारा स्कॅनर अशा सर्व्हरला दोषी ठरवतो. इथे घाईने बाहेरून ९.८ आणून बसवू नका, त्याने नवा नियमभंग होतो. पॅकेजच्या चेंजलॉगमधली (बदलांच्या नोंदीतली) सीव्हीई क्रमांकाची, म्हणजे त्या दोषाच्या जाहीर क्रमांकाची, ओळ आणि रेड हॅटची अ‍ॅडव्हायझरी (सुरक्षा सूचना) जोडून 'फॉल्स पॉझिटिव्ह', म्हणजे स्कॅनरचा चुकीचा इशारा, म्हणून अर्ज करा. तो वेगळा फॉर्म असतो. एक्सेप्शनच्या फॉर्मवर हे लिहिलंत तर तेवढ्यावरूनच परत येतो.

'काढलं, तरी दिसतंय' अशी तक्रार असेल तर ऑप्ट डिरेक्टरी (/opt) बघा. टारबॉल, म्हणजे फाइलींचा गठ्ठा, उघडून ठेवलेलं सॉफ्टवेअर पॅकेजच्या यादीत येत नाही, फाइल शोधणाऱ्या स्कॅनरला मात्र दिसतं. 'टॉमकॅट_ओल्ड_डोन्ट_डिलीट' अशा नावाच्या फोल्डरमध्ये लॉगफोरजे या जावा लायब्ररीची जुनी जार फाइल अजून सापडते. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, बदलला असेल तर रीबूट झालाय का तेही पाहा. पॅच पडला आणि जुनाच कर्नल चालू, हे नेहमीचं आहे.

मुदतीबद्दल जरा सांभाळून. बहुतेक धोरणांत दिवस मोजतात ते स्कॅनमध्ये सापडल्याच्या तारखेपासून. तिकीट तुमच्याकडे फिरत फिरत येईपर्यंत त्यातले बरेच सरलेले असतात. त्यात मार्चअखेरचा चेंज फ्रीझ, म्हणजे बदलबंदी, आली तर सीएबी (बदलांना मंजुरी देणारी समिती) बदल हातात घेत नाही, त्यामुळे फेब्रुवारीतल्या नोटिसा मागे ठेवू नका. एक्सेप्शन मिळालं तरी त्याला शेवटची तारीख असते. सेंटओएस ७ या लिनक्सचा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपला. अशा सर्व्हरसाठी मुदतवाढ मागताना मायग्रेशन (नव्या सिस्टिमवर जाणं) कुठवर आलं ते लिहावं लागतं आणि तोवर नेटवर्कवर तो वेगळा कसा ठेवलाय तेही दाखवावं लागतं. 'व्हेंडरकडून उत्तर नाही' एवढ्यावर दुसऱ्यांदा कोणी सही करत नाही.

काम झालं की नवा स्कॅन मागवून घ्या. तो तुमच्या सर्व्हरसाठी आपोआप लगेच चालेलच असं नाही, आणि स्वच्छ अहवाल जोडल्याशिवाय तिकीट बंद होत नाही.