दीक्षान्त भाषण : विश्वासार्हता आणि भावनिक आवाहन

पदवीदान समारंभात प्रमुख पाहुण्याने स्नातकांना उद्देशून केलेले भाषण म्हणजे दीक्षान्त भाषण. ते पटते ते मुख्यतः दोन गोष्टींमुळे : बोलणाऱ्यावर बसलेला विश्वास आणि ऐकताना जागी झालेली भावना. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलने इ.स.पू. चौथ्या शतकात मन वळवण्याची तीन साधने सांगितली. वक्त्याच्या शीलातून येणारी विश्वासार्हता म्हणजे इथॉस, श्रोत्यांच्या भावना म्हणजे पॅथॉस आणि युक्तिवाद म्हणजे लोगॉस. दीक्षान्त भाषणात तिसऱ्याला काम कमी. न्यायालयात निकाल द्यायचा असतो, सभेत ठराव करायचा असतो; इथे श्रोत्यांना ठरवायचे असे काहीच नसते. पदवी हातात पडलेली असते आणि अर्धे लक्ष फोटोंकडे असते.

विश्वासार्हतेचे तीन घटक ॲरिस्टॉटल मानतो : व्यवहारातली समज, सचोटी आणि श्रोत्यांविषयीची सदिच्छा. हा विश्वास आधीच्या कीर्तीतून नव्हे, तर प्रत्यक्ष बोलण्यातून निर्माण व्हावा, असेही तो बजावतो. दीक्षान्त समारंभात ही सूचना फार नेमकी लागू पडते. पाहुण्याचे पराक्रम आणि मानसन्मान निवेदकाने आधीच वाचून दाखवलेले असतात. वक्त्याने पुन्हा तेच सुरू केले, की सभागृह दुरावते. त्याला खरी कमाई करायची असते ती सदिच्छेची, आणि त्यासाठी बहुतेक चांगले वक्ते व्यासपीठावरून एक पायरी खाली उतरतात.

ॲपल कंपनीचे सहसंस्थापक स्टीव्ह जॉब्स यांनी १२ जून २००५ रोजी स्टॅनफर्ड विद्यापीठात सुरुवातीलाच सांगून टाकले, की आपण पदवीधर नाही. पदवीदानाच्या इतके जवळ आपण आजच आलो आहोत. ‘हॅरी पॉटर’च्या लेखिका जे. के. रोलिंग यांनी हार्वर्ड विद्यापीठात २००८ साली आणि अमेरिकी नौदलाचे ॲडमिरल विल्यम मॅक्रेव्हन यांनी ऑस्टिनच्या टेक्सस विद्यापीठात २०१४ साली वेगळीच कबुली दिली : आपल्या स्वतःच्या पदवीदानातले भाषण आपल्याला आठवत नाही. मॅक्रेव्हन यांना आठवत होती ती आदल्या रात्रीच्या पार्टीमुळे झालेली डोकेदुखी. ज्याला आपल्या भाषणाचे आयुष्य किती ते ठाऊक आहे, त्याचे ऐकायला माणसे तयार होतात.

ही युक्ती आधुनिक नाही. तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्ली या भागात अध्ययन संपवून निघालेल्या शिष्याला आचार्य ‘सत्यं वद । धर्मं चर ।’ असा उपदेश करतात. हे शब्द सर्वांना पाठ असतात; पण त्याच उपदेशात पुढे आचार्य म्हणतात, आमची जी चांगली आचरणे असतील तेवढीच उचल, ‘नो इतराणि’, बाकीची नको. आमचेही काही चुकले असेल, हे गुरूनेच मान्य केल्यावर आधीच्या आज्ञांचा जाच वाटेनासा होतो.

भावनेचे गणित याहून अवघड आहे. संस्कृत काव्यशास्त्रात रस (काव्यातून मिळणारा भावनेचा आस्वाद) किंवा त्याच्या मुळाशी असलेला स्थायी भाव त्याच्या नावानेच सांगून टाकणे हा रसदोष मानला आहे. ‘आज माझे मन भरून आले आहे’ या वाक्याने समोरच्याचे मन भरून येत नाही, ते याचमुळे. आई-वडिलांसाठी टाळ्या मागणे, डोळे पुसणे, उसनी सुभाषिते ही त्याच दोषाची समारंभी रूपे. भावना उमटते ती वस्तूतून आणि कृतीतून. रोलिंग यांनी तरुणपणी लंडनला ॲम्नेस्टी इंटरनॅशनल या मानवी हक्क संघटनेच्या कार्यालयात काम केले होते. रिकाम्या मार्गिकेतून जाताना बंद दारामागून एक किंकाळी ऐकू आली. दार उघडून एका सहकारी स्त्रीने त्यांना आतल्या तरुणासाठी काहीतरी गरम प्यायला करून आणायला सांगितले. तो आपल्या देशातल्या राजवटीविरुद्ध बोलला म्हणून तिथे त्याच्या आईला पकडून ठार केले होते, आणि ती बातमी त्याला नुकतीच देण्यात आली होती. दुःखाचे वर्णन जवळजवळ नाहीच. ऐकणाऱ्याच्या मनात राहतो तो तो गरम पेला.

खरे पाहता ही दोन साधने वेगळी काढून दाखवता येतात ती अभ्यासापुरतीच. ‘सकाळी उठल्यावर आपला बिछाना नीट करा’ हा मॅक्रेव्हन यांचा सल्ला कोणत्याही घरात ऐकू येतो. त्याला वजन आले, कारण नौदलाच्या विशेष दलात ३६ वर्षे काढलेला माणूस चौकोनी दुमडलेले कोपरे, ताणून बसवलेली चादर आणि बरोबर मध्यावर ठेवलेली उशी यांची रोजची तपासणी सांगत होता. जॉब्स मृत्यूविषयी बोलले तेही तसेच : सकाळी साडेसातचा स्कॅन, कर्करोगाचे निदान, घरी जाऊन सगळी निरवानिरव करा हा डॉक्टरांचा सल्ला. हीच वाक्ये ज्याच्यावर तो प्रसंग आलेला नाही त्याने उच्चारली असती, तर ती कोऱ्या उपदेशात जमा झाली असती.

काही दीक्षान्त भाषणे स्नातकांना निमित्त करून जगाशी बोलतात. युरोपच्या पुनर्बांधणीसाठी मदतीचा प्रस्ताव अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉर्ज मार्शल यांनी ५ जून १९४७ रोजी हार्वर्डमध्ये मांडला. तिथे भार होता तो पदाच्या अधिकाराचा, आणि सूर कोरडाच होता. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांनी १० जून १९६३ रोजी वॉशिंग्टनच्या अमेरिकन युनिव्हर्सिटीत अणुचाचणीबंदीच्या वाटाघाटी जाहीर केल्या. सोव्हिएत लोकही हीच हवा श्वासात घेतात, त्यांनाही मुलांच्या भवितव्याची काळजी असते, असे त्यांनी शीतयुद्धाच्या ऐन भरात सांगितले. मर्यादित बंदीचा करार ५ ऑगस्टला मॉस्कोत झाला.

या तंत्रावरचा मुख्य आक्षेप अपयशाच्या कथांवर आहे. नापास झालो, नोकरी गेली, हाकलले गेलो, हे ऐकताना श्रोते हेलावतात, कारण शेवट गोड झाला हे त्यांना आधीच माहीत असते. त्याच धाडसाने खड्ड्यात गेलेल्यांना व्यासपीठावर कोणी बोलावत नाही. त्यामुळे ‘मनाचा कौल ऐका’ हा सल्ला फक्त ज्यांना तो फळला त्यांच्याच तोंडून ऐकू येतो.