लैंगिक संसर्गाच्या निदानासाठी नमुना संकलन

लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या रोगांच्या तपासणीसाठी रुग्णाचा स्राव, लघवी किंवा रक्त योग्य जागेवरून आणि योग्य वेळी घेऊन प्रयोगशाळेत सुस्थितीत पोहोचवणे, याला नमुना संकलन म्हणतात. परमा म्हणजेच गोनोरिया, उपदंश म्हणजेच गरमी, क्लॅमिडिया, ट्रायकोमोनास इत्यादी रोगांचे बहुतेक जंतू शरीराबाहेर फार काळ तग धरत नाहीत. त्यामुळे प्रयोगशाळा कितीही सुसज्ज असली, तरी अहवाल विश्वासार्ह ठरणार की नाही हे बरेचसे नमुना घेताना आणि त्यानंतरच्या थोड्या वेळातच ठरून जाते.

मुंबईत केईएम, शीव, नायर ही महापालिका रुग्णालये आणि शासनाचे जे. जे. रुग्णालय येथील त्वचा व गुप्तरोग विभागांत, तसेच ‘सुरक्षा क्लिनिक’ या नावाने चालणाऱ्या केंद्रांत ही तपासणी होते. ओपीडी एका इमारतीत आणि सूक्ष्मजीवशास्त्र विभाग दुसऱ्या इमारतीत असला, की नमुना नेणाऱ्या मामांचा प्रवासही निदानाचाच भाग होतो.

परम्याचा गोनोकोकस हा जंतू फार नाजूक आहे. तो कोरडेपणाने मरतो आणि थंडीनेही मरतो. म्हणून नमुना टिकावा या चांगल्या हेतूने स्वॅब फ्रिजमध्ये ठेवण्याची सवय इथे उलटी पडते : कल्चरमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहण्याच्या चाचणीत, काहीच उगवत नाही आणि आजारी माणसाच्या हाती ‘जंतू आढळले नाहीत’ असा कागद पडतो. साध्या कापसातील स्निग्धाम्लेही या जंतूला मारक असल्याने डॅक्रॉन किंवा रेयॉनचा स्वॅब वापरावा. शक्य तर नमुना रुग्णाशेजारीच जंतू वाढवण्याच्या माध्यमाच्या प्लेटवर लावावा, नाहीतर कोळशाची पूड घातलेल्या एमीज या वाहतुकीच्या माध्यमात घालून साध्या तापमानालाच, त्याच दिवशी पोहोचवावा.

काचपट्टीसाठी घेतलेला स्वॅब घासायचा नसतो, हलक्या हाताने लोळवायचा असतो, कारण घासल्यास पूपेशी फुटतात. ग्रॅम रंजनानंतर, म्हणजे काचपट्टीवरचे जंतू रंगवून घेतल्यावर, या पेशींच्या पोटात राजम्याच्या दाण्यांसारख्या जंतूंच्या लालसर जोड्या दिसल्या, की मूत्रमार्गातून पू येणाऱ्या पुरुषात परम्याचे निदान जवळजवळ पक्के होते. स्त्रियांमध्ये मात्र निव्वळ काचपट्टीवर विसंबता येत नाही. त्यांच्यात स्वॅब गर्भाशयमुखाच्या नलिकेतून, बाहेरचा चिकट स्राव आधी टिपून घेऊन, गोल फिरवत घ्यावा लागतो. क्लॅमिडिया पेशींच्या आत वाढत असल्याने त्याच्यासाठी नुसता पू पुरत नाही, अस्तराच्या पेशीही याव्या लागतात. ट्रायकोमोनासचा योनिस्राव सलाईनच्या थेंबात मिसळून काही मिनिटांतच सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा, कारण तो जंतू त्याच्या हालचालीवरूनच ओळखू येतो.

लघवीच्या नमुन्यात सर्वाधिक घोळ होतो. मूत्रमार्गाच्या साध्या जंतुसंसर्गासाठी जागा धुऊन मधली धार घेण्याची सूचना रुग्णांच्या ओळखीची असते. परमा व क्लॅमिडियाच्या न्यूक्लिइक आम्ल चाचणीला (जंतूंचे जनुकीय द्रव्य शोधणाऱ्या चाचणीला) याच्या नेमके उलट हवे असते : किमान एक तास लघवी न करता, जागा न धुता, पहिल्याच धारेची साधारण २० ते ३० मिलिलिटर लघवी. हे बाटली देतानाच नीट समजावून सांगावे.

उपदंशाच्या ताज्या व्रणातील रस जंतुनाशक न लावता, फक्त सलाईनने पुसून घेतात आणि कृष्णक्षेत्र सूक्ष्मदर्शकाखाली (काळ्या पार्श्वभूमीवर जंतू उजळ दाखवणाऱ्या) लगेच पाहतात. व्हीडीआरएल किंवा आरपीआर या उपदंशाच्या रक्तचाचण्यांसाठी साध्या नळीत रक्त घेतात. व्रण नुकताच आला असेल तर रक्तात प्रतिपिंडे अनेकदा तयार झालेली नसतात, म्हणून पहिला अहवाल निगेटिव्ह आला तरी काही आठवड्यांनी पुन्हा तपासणी करावी. टीपीएचए ही उपदंशाचीच दुसरी रक्तचाचणी बहुतेकांत उपचारानंतरही पॉझिटिव्हच राहत असल्याने पूर्वीच्या उपचाराची नोंद अर्जात हवीच. त्यासोबत लक्षणे, नमुन्याची जागा, वेळ आणि आधी घेतलेली प्रतिजैविकेही लिहावीत.

एचआयव्हीसाठी रक्त घेण्यापूर्वी समुपदेशन व संमती आवश्यक असते. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या एचआयव्ही-एड्स कायद्याने संमती आणि गोपनीयता या दोन्हींना संरक्षण दिले आहे. इतर लैंगिक रोगांच्या तपासणीतही हीच काळजी घेतली पाहिजे. भरल्या ओपीडीत मोठ्याने रोगाचे नाव पुकारले गेले, तर रुग्ण नमुना न देताच परत जातो.

आतून तपासणी करून घेण्याचा संकोच वाटणाऱ्या स्त्रियांसाठी न्यूक्लिइक आम्ल चाचणीत एक चांगली सोय आहे : स्वतः घेतलेला योनीचा स्वॅब डॉक्टरांनी घेतलेल्या स्वॅबइतकाच भरवशाचा ठरतो. पडद्याआड जाऊन काडी अलगद आत घालायची, काही सेकंद फिरवायची आणि कशालाही स्पर्श होऊ न देता नळीत ठेवून झाकण घट्ट लावायचे. नळीवरचे नाव व केसपेपरचा क्रमांक तिने परत देतानाच, तिच्यासमोर पडताळून घ्यावा.