सिझेरियन प्रसूतीची पूर्वतयारी (मराठवाडा)

सिझेरियन प्रसूती, बोलीत ‘सिझर’, म्हणजे ओटीपोटावर आणि गर्भाशयावर छेद घेऊन बाळ बाहेर काढण्याची शस्त्रक्रिया. तिची पूर्वतयारी म्हणजे माहिती, कागदपत्रे, रक्त, वाहन आणि सोबतीची माणसे यांची वेळेआधी केलेली जुळवाजुळव. सिझरची तारीख दर वेळी आधी ठरत नाही. बाळाचे ठोके कमी होतात, बाळ पोटात शी करते, कळा येऊनही गर्भपिशवीचे तोंड उघडत नाही, आणि मग निर्णय रात्री-अपरात्री काही मिनिटांत घ्यावा लागतो. म्हणून नॉर्मलची अपेक्षा असलेल्या बाईनेही आठव्या महिन्यातच ही तयारी करावी.

माहिती कुठे मिळते

गावात पहिला आधार आशाताईंचा आणि उपकेंद्रातल्या नर्सबाईंचा. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. जोखीम आढळली तर कार्डावर लाल खूण लावतात. ही खूण पाहून घाबरून घरी परतणे हे नेहमीचे. त्याऐवजी तिथेच विचारावे, जोखीम नेमकी कोणती आणि बाळंतपण कुठे करायचे? गुंतागुंतीच्या बाळंतपणासाठी छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय, तसेच अंबाजोगाई, लातूर आणि नांदेड येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये हे जुने आधार आहेत. आरोग्यविषयक सल्ल्यासाठी १०४, गरोदर बाईला नेण्या-आणण्यासाठी १०२ आणि तातडीला १०८ हे क्रमांक घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असावेत.

दवाखाना निवडताना तीन गोष्टी थेट विचाराव्यात. भूलतज्ज्ञ रात्री किती वेळात पोचतात, रक्त कुठून येते, आणि बाळाला काचेच्या पेटीत (इनक्युबेटरमध्ये) ठेवायची वेळ आली तर सोय इथेच आहे का? तालुक्याच्या ठिकाणी बऱ्याचदा भूलतज्ज्ञ बाहेरून बोलवावे लागतात. ते मिळाले नाहीत की ऐन कळांत बाईला जिल्ह्याच्या गावी पाठवतात. हे आधी कळले असेल तर थेट मोठ्या रुग्णालयात जाता येते आणि वाटेतले दोन तास वाचतात.

सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली (२०११) सिझर, औषधे, तपासण्या, रक्त, ७ दिवसांपर्यंतचा आहार आणि येण्या-जाण्याची गाडी मोफत असते. खाजगी दवाखान्यात ‘पॅकेज’मध्ये भूलतज्ज्ञांची फी, बाळाचे डॉक्टर आणि औषधे धरली आहेत का हे लिहून घ्यावे. पेटीचा खर्च बहुधा वेगळा लागतो आणि बिल फुगते ते तिथेच.

‘सिझर कशासाठी?’ हा प्रश्न विचारायला संकोचू नये. बाळ आडवे असणे किंवा वार (प्लासेंटा) गर्भपिशवीच्या तोंडावर असणे ही ठाम कारणे. सोनोग्राफीत नाळेचा वेढा दिसला, एवढे एकच कारण मात्र पुरेसे नाही. आधी एक सिझर झाले म्हणून दुसरे होणारच असेही नाही; मागचा छेद गर्भाशयाच्या खालच्या भागात आडवा असेल आणि दवाखान्यात लगेच शस्त्रक्रियेची सोय असेल, तर पुष्कळ बायकांना नॉर्मलचा प्रयत्न करता येतो. ठरवून करायचे सिझर, दुसरी अडचण नसेल तर, ३९ आठवडे भरल्यावर करतात. मुहूर्त साधायला ते त्याआधीच केले की बाळाच्या फुफ्फुसांतले पाणी नीट ओसरत नाही, धाप लागते आणि पहिलेच दिवस पेटीत जातात.

कागद आणि रक्त

माता-बाल संरक्षण कार्ड, रक्तगटाचा व हिमोग्लोबिनचा रिपोर्ट, सगळ्या सोनोग्राफी आणि आधीच्या सिझरचे डिस्चार्ज कार्ड एकाच पिशवीत ठेवावे आणि त्यांचे फोटो दोन मोबाइलमध्ये असावेत. बीड आणि आसपासच्या ऊसतोड कुटुंबांना हे विशेष लागते. टोळी दसरा-दिवाळीनंतर कारखान्याकडे जाते, कार्ड गावी राहते आणि परक्या दवाखान्यात मागच्या छेदाचा पत्ता लागत नाही. पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाताना हीच चूक होते.

सिझरमध्ये साधारण अर्धा ते एक लिटर रक्त जाऊ शकते. हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी, ७ च्या खाली म्हणजे धोका. लोहाच्या गोळ्यांनी शी काळी होते, मळमळते, म्हणून त्या मध्येच सुटतात. गोळी लिंबूपाण्यासोबत घ्यावी, चहासोबत नको. सलाइनमधून लोह दिले तरी रक्त वाढायला काही आठवडे लागतात. नवव्या महिन्याच्या शेवटी धावपळ करून उपयोग नसतो. रक्त देऊ शकणारे दोघे जण आधीच सांगून ठेवावेत.

आदल्या रात्री आणि टेबलावर

हलके जेवण शस्त्रक्रियेच्या ६ तास आधी थांबवतात, तेलकट असेल तर ८. साधे पाणी डॉक्टरांनी सांगितल्यास २ तास आधीपर्यंत चालते. दुधाचा चहा जेवणातच धरावा. ‘ताकद यावी’ म्हणून सासू-आईने गुपचूप भरवलेला शिरा भुलीत उलटून श्वासनलिकेत जाऊ शकतो. चुकून काही खाल्लेच तर लपवू नये, भूलतज्ज्ञांना सांगावे. नखांना मेंदी लावू नये आणि नेलपॉलिश काढावी, कारण बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावतात. घरी रेझर फिरवू नये. बारीक जखमांतून जंतू शिरतात.

भुलीसाठी पाठीत दिलेल्या सुईने कंबर जन्मभर दुखते हा समज घट्ट आहे, पण त्याला आधार नाही. काही जणींना बसल्यावर वाढणारी आणि आडवे झाल्यावर कमी होणारी डोकेदुखी होते. ती सांगितली तर उपचार आहेत.

संमतीपत्रावर सही सज्ञान बाईची स्वतःची असावी. नसबंदी किंवा कॉपर-टी हा वेगळा निर्णय आहे. त्याची चर्चा कळांत नको, आधी व्हावी.

सोबतीची माणसे

एक बाई आत बाळंतिणीजवळ आणि एक जण औषधे-रक्तासाठी बाहेर, अशी विभागणी सोयीची. आतल्या बाईला हे ठाऊक हवे : बाळाला तासाभरात अंगावर घ्यायचे, चीक (पहिले घट्ट दूध) टाकायचा नाही, मध किंवा गुटी चाटवायची नाही. टाके ताणू नयेत म्हणून बाळ काखेखालून धरता येते किंवा कुशीवर पाजता येते. भात-वरणाने टाके पिकतात म्हणून ते बंद करणे चुकीचे, जखम भरायला डाळ-अंडी लागतात. उन्हाळ्यात घामाने जखम ओलसर राहते. ती स्वच्छ सुती कापडाने टिपून कोरडी ठेवावी.

ताप १००.४ अंशांवर, टाक्यांतून पू, तासाला एक पॅड भिजेल इतका रक्तस्राव, एका पोटरीला सूज किंवा धाप, यांतले काही झाले की त्याच दिवशी दवाखाना गाठावा. रडू आणि उदासी दोन आठवड्यांपुढे टिकली तर १४४१६ वर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेशी बोलावे. मोळी किंवा पाण्याची घागर सहा आठवडे उचलू नये. सुट्टी होताना डिस्चार्ज कार्डावर सिझरचे कारण, गर्भाशयावरचा छेद आडवा की उभा, आणि किती रक्त चढवले हे लिहिले आहे का ते तिथेच वाचून घ्यावे.