ढग आमचे, पाऊस दुसऱ्यांचा

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घागर भरली की आमच्याकडे खानदेशात तिच्याखाली मातीची चार ढेकळं ठेवतात. एकेक ढेकूळ पावसाळ्याच्या एकेका महिन्याचं. घागर पाझरून ज्या महिन्याचं ढेकूळ जास्त भिजलं, त्या महिन्यात पाऊस चांगला. शास्त्र म्हणेल, हा कुंभाराच्या भट्टीचा आणि जमिनीच्या उताराचा खेळ. असेलही. पण त्याच सुमाराला, एप्रिलात, हवामान खातंही हंगामाचा पहिला अंदाज देतं आणि आम्ही दोन्ही ऐकून घेतो.

खरी अडचण जुलैत कळते. धुळे-शिंदखेड्याकडे आभाळ दिवसच्या दिवस गच्च असतं. वारा सुसाट, ढग पश्चिमेकडून पूर्वेकडे पळताहेत, आणि खाली कपाशीची पानं माना टाकून. हवेत ओलावा भरपूर असतो, कमी पडतो तो उठाव, म्हणजे हवेला वर ढकलणारा जोर. अरबी समुद्रावरून आलेली हवा सह्याद्री चढते, दर किलोमीटरला साधारण ६ अंशांनी निवते, वाफेचं पाणी होतं आणि ते घाटमाथ्यावरच रितं होतं. सह्याद्रीच्या आमच्या बाजूला उतरताना ढग विरले की हीच हवा दर किलोमीटरला जवळपास १० अंशांनी तापते. तापलेली हवा ढग बांधत नाही, मोडते.

फरक बघायचा तर धुळ्याहून साक्रीमार्गे नवापूरला जावं. निघताना बाजरी आणि कपाशी, पोचताना भाताची खाचरं. नवापुरात हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, धुळे-शिंदखेड्यात पाचशे-सहाशेच्या आसपास. सगळा प्रवास काही तासांचा.

जुन्या लोकांना यातलं भौतिकशास्त्र ठाऊक नसेल, भूगोल पक्का ठाऊक होता. पांझरा पिंपळनेरच्या बाजूला डोंगरात उगम पावते. पाऊस तिकडे पडतो आणि पाणी नदीने इकडे येतं. म्हणून पांझरेवर एकामागून एक बंधारे घातले, पाटाने पाणी नेलं आणि शिवाराचे फड, म्हणजे मोठे तुकडे, पाडले. एका फडात सगळ्यांचं पीक एकच, म्हणजे पाण्याची पाळी लावायला भांडण नाही. काही शतकं चाललेली ही फड पद्धत म्हणजे पर्जन्यछायेला खानदेशाने दिलेलं उत्तर. माझ्या मते त्याहून शहाणं उत्तर नंतर कुणी दिलेलं नाही.

मग खानदेशात जोराचा पाऊस आणतं कोण? बरेचदा बंगालचा उपसागर. तिथला कमी दाबाचा पट्टा छत्तीसगड, मध्य प्रदेश ओलांडत पश्चिमेकडे सरकतो. सातपुडा आणि अजिंठ्याच्या रांगांमधलं तापीचं खोरं त्याच्या वाटेवर सापडलं की हवेला हवा तो उठाव मिळतो आणि दोन-तीन दिवस झड लागते. कधी ती नको इतकी लागते. १८७२ साली पांझरा आणि गिरणा दोन्ही फुगल्या, धुळ्यात शेकडो घरं वाहून गेली. ऑगस्ट २००६ मध्ये तापी खोऱ्यात कोसळलेलं पाणी गुजरातेतल्या उकाई धरणातून सोडावं लागलं आणि सुरत बुडाली.

उलट टोकाची वर्षं जास्त लक्षात राहिली. हवामान खातं १८७५ मध्ये स्थापन झालं, पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड. लगेच १८७६ ते ७८चा दुष्काळ आला. पाऊस आधी सांगता येईल का, या प्रश्नाला तिथून धार आली. ब्लॅनफर्डनी हिमालयातल्या बर्फाचा आणि मान्सूनचा संबंध जोडला आणि १८८६ पासून हंगामी अंदाज निघू लागले. १८९९-१९०० मध्ये पाऊस दगा देऊन गेला. संवत १९५६, म्हणून तो छप्पनचा दुष्काळ. १९०४ मध्ये आलेल्या गिल्बर्ट वॉकर यांनी जगभरच्या नोंदी पिंजून प्रशांत महासागरावरच्या हवेच्या दाबाचा झोका शोधला. देशाच्या अंदाजाला त्याने पाया मिळाला. शिंदखेड्याच्या ढगाचं कोडं मात्र त्यात सुटणारं नव्हतं.

ते ढगाच्या पोटात होतं. जॉन एटकिन यांनी १८८०च्या सुमारास दाखवलं की वाफेला थेंब धरायला धुळीचा, मिठाचा कण लागतो. पण तो थेंब असतो जेमतेम ०.०२ मिलिमीटरचा. असे दहा लाख एकत्र आले तर पावसाचा एक टपोरा थेंब होतो. थंड ढगात हे काम बर्फाचे कण करतात, हे टॉर बर्गेरॉन यांनी १९३०च्या दशकात मांडलं. १९४६ मध्ये व्हिन्सेंट शेफर यांनी कोरडा बर्फ वापरून आणि बर्नार्ड व्होनगट यांनी सिल्व्हर आयोडाइड वापरून ते मुद्दाम घडवूनही दाखवलं.

महाराष्ट्रात अशा कृत्रिम पावसासाठी २००३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये विमानं उडाली. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने सोलापूरकडे केलेल्या प्रयोगात नेमके ढग निवडल्यावर पाऊस सुमारे १८ टक्के वाढलेला दिसला. नेमके ढग म्हणजे उंच वाढलेले, पाण्याने भरलेले. पावसाच्या खंडात शिंदखेड्यावरून पळणारे ढग बहुतेक उथळ असतात. त्यांच्यावर मीठ टाका नाहीतर चांदी, ते पुढे विदर्भाकडे निघून जातात.