खान्देशच्या चार जागा: निकालाआधी नकाशा पाहा

लोकसभेचा निकाल लागला की खान्देशात, म्हणजे जळगाव, रावेर, धुळे आणि नंदुरबार या चार जागांवर, चर्चा होते ती जातीपातीची आणि नाराजांची. मतदारसंघांच्या हद्दी कधी, कशा आखल्या, हे कुणी फारसं काढत नाही. माझ्या मते अर्धी उत्तरं तिथेच आहेत.

१९०६ मध्ये इंग्रजांनी खान्देशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे केले. तेच पुढे जळगाव आणि धुळे झाले. १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार निघाला. १९५७ मध्ये, संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत, धुळ्याने जनसंघाचे उत्तमराव पाटील निवडून दिले. देशभरात जनसंघाचे खासदार तेव्हा चारच, त्यांतले एक अटलबिहारी वाजपेयी. नंदुरबारने मात्र काँग्रेसला घट्ट धरून ठेवलं. माणिकराव गावित १९८१ च्या पोटनिवडणुकीपासून सलग ९ वेळा जिंकले. २०१४ मध्ये भाजपच्या हीना गावितांनी त्यांना पाडलं. २०२४ मध्ये गोवाल पाडवींनी ती जागा पुन्हा काँग्रेसकडे आणली.

खरी उलथापालथ केली ती २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेने. एरंडोल मतदारसंघ गेला, रावेर आला आणि त्याला विदर्भातलं मलकापूर जोडलं. साक्री आणि शिरपूर हे धुळे जिल्ह्यात, पण त्यांचा खासदार नंदुरबारचा. सरदार सरोवराच्या पाण्यातून बोटीने मतदान यंत्रं न्यावी लागतात त्या नंदुरबार जिल्ह्यातल्या मणिबेली गावाचा आणि शिरपूरच्या कापूस उत्पादकाचा प्रतिनिधी एकच. दोघांच्या गरजा एका माणसाने कशा पेलायच्या?

धुळ्याचं अनुसूचित जमातींचं आरक्षण उठलं आणि नाशिक जिल्ह्यातले मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य, बागलाण त्यात आले. २०२४ मध्ये काँग्रेसच्या शोभा बच्छाव ३,८३१ मतांनी निवडून आल्या. मालेगाव मध्य सोडून बाकीच्या पाच विधानसभा क्षेत्रांची बेरीज केली तर भाजपचे सुभाष भामरे पुढे होते. मालेगाव मध्यने एकट्याने निकाल फिरवला. यावर ओरड झाली, पण मालेगावकरांचं मतही तेवढंच मत आहे.

लोकसभेच्या जागांचं राज्यवार वाटप २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवलेलं आहे. पुढच्या पुनर्रचनेत हद्दी पुन्हा आखल्या जातील आणि मसुद्यावर हरकती मागवल्या जातील. साक्री, शिरपूर, मलकापूरच्या ग्रामपंचायतींनी आपलं म्हणणं त्या मुदतीत लेखी द्यावं.