पिशवीतलं पाणी आणि सोलापूरपर्यंतचा प्रवास

सोलापुरात ॲक्वेरियमच्या कुठल्याही दुकानात शिरा. समोरच्या टाक्यांत फिरणारे निऑन, एंजल, फायटर, मोली यांतल्या कितीतरी माशांनी विमानाचा प्रवास केलेला असतो. कोलकाता आणि चेन्नईतलं कोळत्तूर ही आपल्याकडे शोभेच्या माशांची मोठी ठिकाणं. तिथला माल विमानाने पुणे, हैदराबाद किंवा मुंबईला उतरतो आणि पुढे रात्रीच्या ट्रॅव्हल्सने, नाहीतर पिकअपने आपल्याकडे येतो. मुंबई-चेन्नई रेल्वेमार्ग सोलापुरातूनच जातो, त्यामुळे चेन्नईचा काही माल थेट गाडीनेही येतो.

खोका उघडला की आत थर्माकोल, थर्माकोलच्या आत पिशव्या. प्रत्येक पिशवी दुहेरी. तळाचे कोपरे रबराने बांधून गोल केलेले असतात, कारण चिमुकला मासा टोकदार कोपऱ्यात अडकला तर चेंगरून मरतो. एक हिस्सा पाणी, दोन ते तीन हिस्से ऑक्सिजन आणि तोंडाशी घट्ट पिळून चढवलेली रबरं. ही पिशवी दिसायला साधी आहे, पण तिला हे रूप यायला जवळपास शंभर वर्षं लागली. वाटेत मासे मेले की आपण सगळे आधी विमानाला दोष देतो. मी बरीच वर्षं खोके उघडतो आहे आणि माझा अनुभव वेगळा आहे. मासा मरतो तो पिशवीतल्या पाण्यामुळे, आणि त्या पाण्याचं नशीब विमान उडण्याआधी किंवा उतरल्यानंतर ठरतं.

सुरुवात जहाजांपासून झाली. 1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडलं आणि युरोपात घरात काचेची टाकी ठेवण्याची हौस पसरली. 1869 मध्ये चीनमधले पॅराडाइज मासे फ्रान्सला पोहोचले आणि पॅरिसमध्ये पिएर कार्बोनिए यांनी त्यांची पैदास केली. हाच मासा महिनोन्महिन्यांच्या प्रवासातून वाचला याला कारण आहे. आपल्या फायटरप्रमाणे तो पाण्यावर येऊन तोंडाने हवा घेतो. पाण्यातला प्राणवायू संपला तरी तो तग धरतो. ज्यांना हे जमत नाही असे मासे पत्र्याच्या डब्यांतून निघत आणि बहुतेक वाटेतच संपत. खलाशांनी हाताने पाणी ढवळायचं, बदलायचं आणि थंड समुद्रात डबे उबेला ठेवायचे, एवढेच उपाय होते.

आपल्या देशातही याच प्रश्नाशी झुंजणारी माणसं होती, आणि हा भाग मला सगळ्यात जवळचा वाटतो. बंगालमध्ये नदीतून गोळा केलेलं रोहू-कटल्याचं बीज मातीच्या हांड्यांत भरून रेल्वेने दूरदूर जायचं. माणूस हांडीशेजारी बसून राहायचा, हाताने पाणी हलवायचा, स्टेशनवर ताजं पाणी घालायचा. पण खरी करामत प्रवासाच्या आधीची. ही मंडळी निघण्यापूर्वी पिल्लांना कापडाच्या जाळीत दाटीवाटीने उपाशी ठेवत, पोट पूर्ण रिकामं होऊ देत. हांडीत थोडी तांबडी मातीही टाकत, म्हणजे पाण्यातली घाण तिच्याबरोबर तळाला बसे. माशाच्या उत्सर्गातून पाण्यात साठणारा विषारी अमोनिया हा शब्द त्यांनी ऐकला नसेल, पण पोटात अन्न असलेला मासा स्वतःच्याच पाण्यात मरतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. 10 जुलै 1957 रोजी डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओडिशात संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन कार्प माशांचं प्रजनन घडवलं, पुढे हॅचऱ्या उभ्या राहिल्या आणि हांड्यांची जागा रॉकेलच्या डब्यात बसवलेल्या ऑक्सिजनच्या पिशव्यांनी घेतली. आपल्याकडे पिशवीत मासे भरायची ही पद्धत मत्स्यबीजाच्या कामातूनच घराघरांत माहीत झाली. उजनीच्या पाण्यात बीज सोडताना जे पाहतो, तेच ॲक्वेरियमच्या दुकानात दिसतं.

हवाई प्रवासाचं वेड लावलं ते निऑन टेट्राने. 1934 च्या सुमारास ओग्यूस्त राबो यांना पेरूमध्ये, ॲमेझॉनच्या वरच्या भागात, निळ्या-लाल पट्ट्याचा हा मासा सापडला. 1936 मध्ये जॉर्ज मायर्स यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि ॲक्वेरियमविषयी लिहिणारे अमेरिकन संपादक विल्यम इन्स यांच्या नावावरून त्याला ‘इन्नेसी’ म्हटलं. त्याच वर्षी काही निऑन जर्मनीहून अमेरिकेला हिंडेनबर्ग या हवाई जहाजातून नेण्यात आले. दोन-अडीच इंचांहून लहान मासा, आणि त्याच्यासाठी त्या काळातलं सगळ्यात मोठं हवाई वाहन! समुद्रातल्या जहाजाला लागणारा वेळ या माशाला परवडणारा नव्हता. तो वेळ फक्त हवेतूनच वाचवता येत होता.

वेळ वाचला तरी भांडं तेच राहिलं: पत्र्याचा डबा. पाणी भरलेला डबा जड, आणि विमानात वजनाचे पैसे. ही गाठ सुटली दुसऱ्या महायुद्धानंतर, पॉलिथिनची पिशवी हाताशी आल्यावर. पॉलिथिन सापडलं होतं 1933 मध्ये इंग्लंडात, पण माशांच्या धंद्यात ते रुळलं 1950 च्या दशकात. यामागचा हिशेब एकदा नीट पाहायलाच हवा. 25 अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात जेमतेम 8 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. एक लिटर शुद्ध ऑक्सिजनचं वजन सुमारे 1.3 ग्रॅम, म्हणजे दीडशे पटींहून जास्त. म्हणजे माशाचा प्राणवायू पाण्यात साठवायचाच नाही, तो पाण्यावरच्या जागेत साठवायचा. पाणी फक्त कल्ले ओले राहण्यापुरतं. डब्याचं वजन गेलं, पाण्याचं वजन घटलं, आणि सिंगापूर, हाँगकाँग, बँकॉक ही शोभेच्या माशांची बंदरं विमानतळांमुळे मोठी झाली.

ऑक्सिजनचा प्रश्न सुटल्यावर पुढचा उघडा पडला, आणि तो मी स्वतः फार महागात शिकलो. एका पहाटे पन्नास निऑन आले. पिशवी दिव्यासमोर धरली तर पाणी किंचित पिवळसर, मासे वरच्या थराला जोरजोरात कल्ले हलवत होते. मला वाटलं, गुदमरताहेत. पिशवीचं तोंड सोडलं आणि पंपाची नळी बुडबुडे काढणाऱ्या दगडासकट आत सोडली. बुडबुडे छान सुरू झाले. दहा मिनिटांत निळा पट्टा फिकट पडला, मग एकेक मासा आडवा होऊ लागला. अर्ध्या तासाने अकरा उरले होते.

ऑक्सिजन कमी पडल्यामुळे ते मेले नव्हते. बंद पिशवीत मासा कार्बन डायऑक्साइड सोडत राहतो, त्याने पाणी आम्लधर्मी होतं, पीएच (पाणी आम्लधर्मी होईल तसा उतरणारा आकडा) साडेसहाच्या आसपास उतरतो. त्याच वेळी अमोनियाही साठत असतो, पण अशा पाण्यात तो जवळजवळ सगळा अमोनियमच्या रूपात राहतो आणि ते रूप माशाला फारसं बाधत नाही. माझ्या बुडबुड्यांनी तो कार्बन डायऑक्साइड काढून टाकला. पीएच वर चढला. साडेसहावरून आठवर गेला तर विषारी अमोनियाचं प्रमाण सुमारे 30 पट होतं. रात्रभर ज्या पाण्याने त्यांना सांभाळलं, तेच पाणी मी दहा मिनिटांत विषारी केलं. आता मी पिशवी न उघडता पंधरा-वीस मिनिटं टाकीत तरंगू देतो, तापमान जुळलं की कापतो, जाळीने मासे उचलून लगेच टाकीत सोडतो आणि पिशवीतलं पाणी मोरीत ओततो. खोलीतला दिवाही मंद ठेवतो.

उंचीची भीती मात्र बरीचशी अनाठायी आहे. विमान 35,000 फुटांवर असलं तरी मालाच्या कप्प्यात दाब राखलेला असतो, साधारण 8,000 फुटांवर असतो तितका. कळसूबाईच्या दीडपट उंची समजा. तिथे वायू सुमारे तिसऱ्या हिश्श्याने फुगतो, म्हणून चांगला पॅकर पिशवी ढोलासारखी ताणून भरत नाही. मला हे काम शिकवणारे मामा म्हणायचे, “फुगलेली पिशवी बघून घाबरू नको रे, चेपलेली दिसली की घाबर.” सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर आहे, त्यामुळे कोलकात्यात बांधलेली पिशवी इथे थोडी ताठच लागायला हवी. मऊ लागली तर कुठेतरी भोक आहे. बहुधा मांगूर जातीच्या माशाचा काटा, म्हणून काटेवाले मासे तिहेरी पिशवीत येतात.

पुढे नियम आले. विमान कंपन्यांच्या आयाटा या संघटनेची जिवंत प्राण्यांच्या वाहतुकीची नियमावली दरवर्षी नव्याने निघते. पाणी गळू नये, आत अस्तर आणि शोषक थर असावा, खोक्यावर जिवंत माशांची खूण आणि वरच्या बाजूचा बाण असावा, हे सगळं त्यात आहे. 1975 पासून धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणारा साइट्स हा करार अमलात आला, 1976 मध्ये भारत त्यात सामील झाला. नियम कशासाठी लागतात हे आपल्याच सह्याद्रीने दाखवलं आहे. केरळ-कर्नाटकातल्या डोंगरी नद्यांतला ‘मिस केरळ’ हा लाल पट्ट्याचा मासा फ्रान्सिस डे यांनी 1865 मध्ये नोंदवला होता. सव्वाशे वर्षं त्याला कुणी विचारलं नाही. 1997 मध्ये सिंगापूरच्या ॲक्वारामा प्रदर्शनात त्याला बक्षीस मिळालं आणि तो खोक्याखोक्यांनी विमानात चढू लागला. नद्यांतली संख्या घसरली, धोक्यात आलेल्या प्रजातींच्या यादीत त्याचं नाव गेलं. 2013 मध्ये त्याला नवी प्रजातीगटाची ओळख मिळाली, ती ‘सह्याद्रिया’ या नावाने. पिशवी चांगली झाली की मासा वाचतो, आणि नदी रिकामीही होऊ शकते. मी म्हणूनच टाकीत जन्मलेला मासा मागतो.

आता आपल्या गावाचं. विमानांच्या वाटेत अडसर ठरलेली सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी जून 2023 मध्ये पाडली, 29 सप्टेंबर 2024 रोजी होटगी रस्त्यावरच्या नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं, जून 2025 मध्ये गोव्याचं आणि ऑक्टोबरात मुंबईचं विमान सुरू झालं. माझे खोके अजून पुण्याहून आणि हैदराबादहून रस्त्यानेच येतात. थेट विमानाने आले तर सहा-सात तास वाचतील, याचा मला मनापासून आनंद आहे. पण काळजी आहे ती उन्हाची. एप्रिल-मेमध्ये इथे पारा 43 पर्यंत जातो. पाणी 10 अंशांनी तापलं की माशाची प्राणवायूची गरज साधारण दुप्पट होते, अमोनियाही त्याच वेगाने वाढतो. चोवीस तासांसाठी बांधलेली पिशवी बारा तासांत संपते. शिवाय आमच्या बोअरचं पाणी जड, माझ्या टाकीचा पीएच आठ. पिशवीपासून टाकीपर्यंतची उडी इथे इतर शहरांपेक्षा मोठी पडते.

म्हणून मे महिन्यात मी माल मागवतच नाही, आणि मार्चमध्ये मागवला तर पहाटे पाचच्या आत हातात येईल असाच. विमानतळावर कधी माल उतरवायची सोय झाली, तर धावपट्टीजवळ पत्र्याच्या शेडऐवजी एक थंड, सावलीची खोली असावी. खोका विमानातून उतरल्यापासून माझ्या हातात येईपर्यंतचा अर्धा तास त्या खोलीत गेला पाहिजे.