सुरतेचा धूर आणि तापीचं पाणी

"पोऱ्या सुरतले गया" म्हटलं की खान्देशात पुढे कोणी फारसं विचारत नाही. उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली ही सुरतेतल्या वस्त्यांची नावं धुळे-नंदुरबारच्या खेड्यांत तालुक्याच्या नावाइतकी ओळखीची आहेत. तिथली हवा बिघडली, खाडी तुंबली, तर काळजी इकडच्या घरात लागते. शिवाय सुरतेचं पाणी म्हणजे हतनूर, सारंगखेडा, प्रकाशावरून खाली गेलेली आपलीच तापी.

सुरत सतराव्या शतकात मुघलांचं मोठं बंदर होतं. पुढे मुंबई वाढली, तापीचं मुख गाळाने भरत गेलं आणि बंदराचा काळ सरला. शहर पुन्हा उभं राहिलं ते कापडावर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच तापी खोऱ्यातली रेल्वे सुरतेहून नंदुरबारमार्गे अमळनेरकडे आली होती. १९७२ च्या दुष्काळानंतर याच वाटेने आपले लोक यंत्रमागांवर गेले.

त्याच १९७२ साली तापीवरचं उकाई धरण पूर्ण झालं. आताच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या गावांच्या जमिनी त्याच्या फुगवट्यात गेल्या. खाली सुरतेला मात्र नदीचा नेहमीचा प्रवाह आटला, आणि नदीचा जोर कमी झाला की भरतीचं खारं पाणी आत शिरतं. ते अडवायला आणि पिण्याचं गोडं पाणी साठवायला १९९५ मध्ये सिंगणपोरला बंधारा बांधला. तहान भागली, पण नदीचे दोन तुकडे झाले. बंधाऱ्यावर साचलेलं पाणी, गाळ आणि जलपर्णी. बंधाऱ्याखाली पावसाळा सोडला तर मुख्यतः भरती-ओहोटी आणि शहराचं सांडपाणी. माझ्या मते सुरतेच्या पाण्याचं दुखणं समजायचं तर आधी हा बंधारा समजून घ्यावा लागतो.

त्याआधी, सप्टेंबर १९९४ मध्ये, प्लेगची साथ आली. पुराचा चिखल, न उचललेला कचरा, दाट वस्ती. लाखो लोकांनी मिळेल त्या गाडीने शहर सोडलं, त्यात आपलेही होते. पुढच्या दोन वर्षांत आयुक्त एस. आर. राव यांच्या काळात सफाई इतकी बदलली की सुरत देशातल्या सर्वांत स्वच्छ शहरांत गणली जाऊ लागली. रस्ते झाडले गेले; रंगाचं पाणी आणि धूर हा प्रश्न मात्र झाडूच्या आवाक्यातला नव्हता.

लग्नाचा बस्ता घ्यायला आपण सुरतेला जातो. मागावरून उतरलेलं कोरं कापड डाईंग-प्रिंटिंगच्या मिलमध्ये जातं. रंग चढवायला, धुवायला आणि कापड बसवायला गरम पाणी आणि वाफ लागते. वाफेसाठी बॉयलरमध्ये कोळसा किंवा लिग्नाइट जळतो. धुण्याच्या पाण्यात रंग, क्षार आणि रसायनं उतरतात. पांडेसरा-सचिन पट्ट्यातल्या या चिमण्यांपासून कामगारांच्या वस्त्या फार दूर नाहीत. पश्चिमेला हजिऱ्याला खत, पोलाद, पेट्रोरसायनांचे मोठे कारखाने आले, तो भार वेगळाच.

धुरावर २०१९ मध्ये एक नवा उपाय सुरू झाला. चिमणीवर सतत मोजणारी यंत्रं बसवली, एकूण धूलिकणांवर मर्यादा घातली आणि कारखान्यांना आपापसांत उत्सर्जनाच्या परवान्यांची खरेदी-विक्री करू दिली. धूलिकणांसाठीची अशी बाजारव्यवस्था जगात पहिलीच. तिच्यातल्या कारखान्यांचं उत्सर्जन २० ते ३० टक्क्यांनी घटल्याचं अभ्यासात दिसलं. पाण्याच्या बाबतीत असं समाधान नाही. जानेवारी २०२२ मध्ये सचिन औद्योगिक वसाहतीत टँकरमधून नाल्यात बेकायदा रसायन सोडताना विषारी वायू पसरला आणि ६ कामगार गेले. पावसाळ्यात सुरतेतली मिठी खाडी फुगते, तेव्हा तिचं काळं पाणी लिंबायतच्या घरांत शिरतं.

आणि वरच्या अंगाला आपण आहोत. भुसावळसारख्या आपल्या गावांचं सांडपाणी तापीला मिळतं, पांझरा आणि गिरणेतूनही येतं. ते सगळं उकाईत जातं, तिथून सिंगणपोरच्या बंधाऱ्यावर साचतं. सुरतेच्या नळाला येणारं पाणी तिथलंच, आणि उधन्याच्या खोलीत हंडा भरणारी पोरं आपलीच.